फाईल तुमच्याकडे आहे का?

या वेळी मेल उघडले तर कुठला फोन घेऊ, कुठला टीव्ही घेऊ हे नेहमीचे प्रश्न कमी आणि "पैसे भरलेत तरी असं का" छापाचे जास्त. बरंच झालं. फोन कुठला घ्यायचा ते कोपऱ्यावरचा दुकानदारही सांगतो, पण पैसे भरून आपण नक्की घेतलं काय हे कुणी सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं वाचताना धक्का बसायला नको : ज्याची फाईल तुमच्याकडे आहे आणि जी कुणाची परवानगी न मागता उघडते ते तुमचं, बाकी सगळं भाड्याचं. भाड्याने घेणं वाईट नाही, मीही तीन-चार ठिकाणी दर महिन्याला भाडं भरतो, फक्त भाड्याच्या घरात कुणी देवघर बांधून घेत नाही. पत्रं लांबलचक होती, कापून छापतोय, राग मानू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. अक्षर मोठं करता येतं म्हणून २०१७ पासून किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर वाचते. शंभरावर पुस्तकं झाली असतील, निम्मी मराठी. आता भाचा म्हणतो की ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय बंद झाली, आणि माझ्यामागे मुलीलाही ती मिळणार नाहीत. खरं आहे का? मग मी पैसे कशाचे भरले? (सातारा)

उत्तर : बाई, भाचा खरं बोलतोय, पण घाईने काही करू नका, आधी पूर्ण ऐका. मराठी पुस्तकं किंडलच्या दुकानात रीतसर आली ती २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे तुम्ही अगदी पहिल्या बॅचच्या. तेव्हा पुस्तकाची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून वायरने किंडलमध्ये टाकता यायची. ही सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ ला काढून टाकली. आता पुस्तक वायफायवरून थेट किंडलमध्ये नाहीतर ॲपमध्ये येतं, वाचायला काहीच अडचण नाही, फक्त त्याची प्रत वेगळी काढून ठेवता येत नाही. तशी ती आधीची फाईलही कुलूपबंदच असायची म्हणा, तुमच्या किंडलशिवाय दुसरीकडे उघडायची नाही, पण निदान तुमच्या हार्ड डिस्कवर पडलेली असायची आणि तिथून ती कुणी काढून नेऊ शकत नव्हतं.

काढून नेणं हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, झालेलं आहे. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनच्या लक्षात आलं की एका विक्रेत्याकडे हक्कच नसताना तो पुस्तकं विकत होता, तर त्यांनी लोकांच्या किंडलमधून ती पुस्तकं परस्पर पुसली आणि पैसे परत केले. पुस्तकं कुणाची? जॉर्ज ऑर्वेलची, त्यात '१९८४' पण! असा योग कथेत लिहिला असता तर संपादकाने खोडला असता. एका अमेरिकन विद्यार्थ्याने त्यावर काढलेली टिपणं निकामी झाली, तो कोर्टात गेला, कंपनीला तडजोडीत दीड लाख डॉलर मोजावे लागले आणि जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने तर २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि त्याबरोबर लोकांनी विकत घेतलेली सगळी पुस्तकं गेली. पैसे परत दिले हो, पुस्तकात टिपा लिहिणाऱ्यांना वर २५ डॉलर पण दिले. पण मी विकत घेतलेली वस्तू कुणी दहा वर्षांनी घरात येऊन, टेबलावर पैसे ठेवून परत घेऊन गेला तर त्याला मी सभ्य माणूस म्हणणार नाही.

तर पैसे कशाचे भरले? वाचायच्या परवानगीचे. लायसन्सचे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की परवानगी विकत असाल तर "खरेदी करा" असं लिहून मोकळं व्हायचं नाही, हे लायसन्स आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. स्टीम या गेमच्या दुकानाने त्याच सुमाराला पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. त्या कायद्यात एक सूट आहे ती मला फार आवडते : जी वस्तू कायमची उतरवून घेता येते, इंटरनेटशिवाय चालते आणि विक्रेता परत घेऊ शकत नाही तिला हा नियम लागू नाही. म्हणजे फाईल हातात आहे का, हीच कसोटी.

छापील पुस्तकाचं कसं, तुम्ही ते अप्पा बळवंत चौकात नेऊन अर्ध्या किमतीला विका, वाटून टाका, कुणी विचारत नाही. डिजिटलमध्ये तो प्रयत्न करून झालाय. रीडिजी नावाच्या अमेरिकन कंपनीने वापरलेली आयट्यून्स गाणी पुन्हा विकायचं दुकान काढलं, २०१८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने नाही म्हणून सांगितलं, कारण फाईल "देणं" म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत नवीन प्रत काढणंच. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांबाबत साधारण तेच म्हटलं.

मुलीचं. लायसन्स तुमच्या नावाचं, दुसऱ्याला देता येत नाही, असं अटींमध्ये लिहिलेलं असतं. गुगलला "मी अमुक महिने आलो नाही तर डेटा अमक्याला द्या" अशी सोय आहे, ॲपलने २०२१ मध्ये वारस नेमायची सोय केली, पण गंमत बघा, ॲपलच्या त्या वारसाला फोटो मिळतात, नोट्स मिळतात, आणि विकत घेतलेली गाणी, सिनेमे, पुस्तकं मात्र मिळत नाहीत. व्यवहारात बहुतेक घरांत मुलं पासवर्ड वापरतात आणि गप्प बसतात. मी तुम्हाला सल्ला देतोय असं समजू नका.

भाच्याने कुलूप काढायचं सॉफ्टवेअर सुचवलं असेल, हल्ली सगळे भाचे सुचवतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला "हेतू" महत्त्वाचा, अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याएवढं आपलं कलम कडक नाही. पण कंपनीच्या अटी मोडल्या म्हणून खातं बंद झालं तर तो वेगळाच ताप. शिवाय दृष्टी खूपच अधू असेल तर हे लक्षात ठेवा, दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करून घ्यायला कलम ५२ मध्ये स्वतंत्र सवलत आहे, आणि यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये जगात सगळ्यात आधी मंजुरी दिली ती भारताने. याबद्दल आपल्याकडे कुणी फुशारकी मारत नाही, मारायला हवी.

किंडल चालू ठेवा. जे पुस्तक मुलीला द्यावंसं वाटतं ते कागदावर घ्या.

प्रश्न : दादा, फोन चांगला २४ हजारांचा आहे, स्क्रीन फुल एचडी, ओटीटीचा प्लॅन पण एचडीवाला, तरी व्हिडिओ ४८० च्या वर जातच नाही. यूट्यूब मस्त दिसतं. कस्टमर केअर म्हणतं नेट स्लो आहे. फायबर आहे घरी!! (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : मित्रा, नेटचा काही संबंध नाही. प्ले स्टोअरवरून डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाक आणि त्यात वाइडवाइनसमोर काय लिहिलंय बघ. एल१ असेल तर गोष्ट वेगळी, पण मी पैज लावतो एल३ असणार.

वाइडवाइन हे गुगलचं कुलूप, २०१० मध्ये त्यांनी ती कंपनीच विकत घेतली. ओटीटीचा व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि फोनमध्ये उघडतो. एल१ म्हणजे हे उघडणं प्रोसेसरच्या आतल्या सुरक्षित कप्प्यात होतं जिथे दुसरं कुठलं ॲप डोकावू शकत नाही, एल३ म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरमध्ये. स्टुडिओवाल्यांचा एल३ वर विश्वास नाही म्हणून त्यांच्या करारातच असतं की अशा फोनला एचडी द्यायचं नाही. यूट्यूबच्या साध्या व्हिडिओला कुलूपच नसतं, म्हणून तो मस्त दिसतो.

आणि हे फक्त स्वस्त फोनचं दुखणं नाहीये. पोको एफ१ आठवतोय? २०१८, त्या काळातला सगळ्यात दणकट प्रोसेसर त्या किमतीत, अख्खं हॉस्टेल तोच फोन घेऊन फिरायचं, आणि त्यात एल३. पुढच्या वर्षी अपडेटने एल१ आलं. वनप्लस ५ आणि ५टी चं तर त्याहून भारी, फोन एचडी दाखवत नाही अशी बोंब झाल्यावर कंपनीने उपाय काढला पण तो नेटवरून देता येईना, फोन कुरिअरने कंपनीकडे पाठवा, आम्ही आमच्या कॉम्प्युटरला जोडून करून देतो! फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल एवढ्या मोठ्या टायपात असतात, एल१ आहे की नाही हे शोधून दाखव.

तू बूटलोडर अनलॉक करून कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेली सिस्टीम, टाकलीयस का? इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून विचारतोय. बऱ्याच फोनमध्ये तसं केलं की एल१ चं एल३ होतं. तसं असेल तर मूळ रॉम टाकून बूटलोडर परत लॉक करून बघ, काही फोनमध्ये परत येतं, काहींत नाही येत. काही केलं नसशील तर सर्व्हिस सेंटरला जाऊन "वाइडवाइन एल३ दाखवतंय" एवढंच वाक्य सांग, नेट स्लोची टेप वाजवणार नाहीत.

मला यात खरा राग कशाचा येतो सांगू? टेलिग्रामवरून फुकट उतरवणाऱ्याला तोच सिनेमा पहिल्या दिवशी १०८० मध्ये मिळतो, कुठल्याही फोनवर, कुठल्याही प्रोजेक्टरवर, आणि तू दर महिन्याला पैसे भरून ४८० बघतोयस. कुलूप चोराला अडवत नाही, तो खिडकीतून कधीच आत गेलेला असतो. पैसे भरणाराच दारात उभा. पायरसी करू नये हे माझं मत पक्कं आहे, पण पैसे भरणाऱ्याला असं वागवणाऱ्या कंपन्यांनी तरी पायरसीवर प्रवचन देऊ नये.

प्रश्न : बहिणीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ आयफोनवर काढला, पेन ड्राइव्हने लॅपटॉपवर घेतला तर आवाज येतो आणि चित्र काळं. वर "कोडेक विकत घ्या" असा मेसेज. व्हिडिओ माझा, फोन माझा, लॅपटॉप माझा, पैसे कसले? (ठाणे)

उत्तर : पेटंटचे. कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत. आयफोन २०१७ पासून व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने साठवतो, एच.२६५ पण म्हणतात. साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र बसतं म्हणून. पण ही पद्धत शेकडो पेटंटांनी बनलेली आहे, ती अनेक कंपन्यांची, आणि वसुलीसाठी एकेकाळी एक सोडून तीन वेगवेगळे गट होते, शिवाय कुठल्याच गटात नसलेल्या कंपन्या निराळ्या. फोनच्या किमतीत ही रॉयल्टी धरलेली असते. विंडोजमध्ये ती बऱ्याचदा धरलेली नसते, म्हणून मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर ते छोटंसं एक्स्टेन्शन वेगळे पैसे मागतं. मधे तर असंही बाहेर आलं की काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसरला एचईव्हीसी चालवता येत असूनही कंपनीने ती सोय बंद करून लॅपटॉप विकले. हार्डवेअर आहे, तुम्ही त्याचे पैसे दिलेत, आणि ते झोपवून ठेवलंय!

उपाय सोपा आहे. व्हीएलसी टाका, तो बिनापैशाचा सगळं चालवतो, फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे त्यामागे आणि त्यांनी आजवर त्यात एक जाहिरात टाकलेली नाही, जमलं तर देणगी द्या. पुढच्या वेळेसाठी आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कंपॅटिबल निवडा. जागा जास्त खाईल पण लग्नाचा व्हिडिओ काकांच्या जुन्या टीव्हीवरही चालेल.

या रॉयल्टीच्या कटकटीला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स वगैरेंनी २०१५ मध्ये एकत्र येऊन एव्ही१ हे नवं कोडेक बनवायला घेतलं, २०१८ मध्ये ते आलं, रॉयल्टी नाही. मोठ्या कंपन्या एकमेकांवर चिडल्या की कधीकधी आपलं भलं होतं ते असं.

प्रश्न : नमस्कार. तीस वर्षं डीटीपी करतो. जुने दिवाळी अंक, स्मरणिका, दोन-तीनशे पुस्तकं सगळं एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे. त्याला डोंगल लागतो, कॉम्प्युटरला खोचायची छोटी चावी. डोंगल आता कधी चालतो कधी नाही, नवीन विंडोज त्याला ओळखत नाही. एका लेखकाला त्यांचं २००४ चं पुस्तक परत काढायचंय, फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काय करू? (कोल्हापूर)

उत्तर : साहेब, हे पत्र वाचून पोटात कालवलं, कारण असे हजारो अंक महाराष्ट्रभर हार्ड डिस्कांवर आणि सीड्यांवर पडलेत. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी मराठी सॉफ्टवेअरवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते, काना एका जागी, अर्धा श दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. कॉम्प्युटरच्या लेखी तुमचा अख्खा दिवाळी अंक म्हणजे इंग्रजी अक्षरांचा ढीग, मराठी दिसतं ते केवळ त्या फॉन्टमुळे. आणि फॉन्ट डोंगलशिवाय चालत नाही. मजकूर लेखकाचा, मेहनत तुमची, आणि वाचायची चावी एका प्लास्टिकच्या तुकड्यात. माझ्या मते आपल्या भाषेत डिजिटल लायसन्सने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हेच, किंडलबिंडल त्यापुढे काहीच नाही, आणि यावर कुणी परिसंवादही घेत नाही.

आता काम. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर डोंगल अजून चालतो तो बंद करू नका, विंडोज अपडेट करू नका, मुलाला गेम खेळायला देऊ नका. सगळ्यात आधी त्यावर प्रत्येक फाईलची पीडीएफ काढा, फॉन्ट आत एम्बेड करून. सगळ्या फाईलची, निवडून नाही. पीडीएफ झाली म्हणजे निदान पान दिसेल, छापता येईल. पेजमेकरमध्ये असेल तर जास्तच घाई करा, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. मग निवांत मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घ्या. कन्व्हर्टर मिळतात, फुकटही मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी म्हणून तुमच्या फॉन्टसाठी बनवलेलाच हवा. लेखकाला कबूल करायच्या आधी चार पानं करून बघा.

प्रूफ मात्र पुन्हा वाचावं लागेल, सुटका नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार एक अक्षर मागेपुढे सरकतो. "वाऱ्यावर"चा ऱ्य तुटतो. द्ध, द्व, हृ, ह्र डोळ्यात तेल घालून बघा. कवितांच्या पुस्तकाला तर दुप्पट वेळ धरा आणि दुप्पट पैसे मागा, लेखक कुरकुरले तरी.

नव्या कामाला शक्यतो ओपन फॉन्ट लायसन्सवाले फॉन्ट वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बालू आहेत, गूगलचा नोटो आहे, पुस्तकाच्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी छान दिसतो, त्यात आपल्या वळणाचा ल आणि श आहे. या लायसन्सखाली धंद्यासाठी वापरा, पुस्तकात वापरा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका, मित्राला द्या, फक्त नुसता फॉन्टच पैसे घेऊन विकायचा नाही. वीस वर्षांनी फाईल उघडताना कुणाला फोन करावा लागणार नाही.

प्रश्न : आमचा लग्नाचा हॉल आहे. डीजे लावला की गाण्यांच्या लायसन्सची नोटीस येते, कुणी म्हणतं लग्नाला माफी आहे, कुणी म्हणतं गोव्यात ती माफी कोर्टाने काढून टाकली. नक्की काय? शिवाय गणपतीत आम्ही आरतीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर त्यावर कॉपीराइट क्लेम आला. आरतीवर कॉपीराइट?? (फोंडा, गोवा)

उत्तर : भाऊ, माफी कायद्यातच आहे, ती कुणी काढलेली नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२, त्यातला झेडए हा खंड. खरोखरच्या धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला हक्कभंग मानायचं नाही, आणि खाली स्पष्टीकरण आहे की लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर समारंभ यात येतात. केंद्राने जुलै २०२३ मध्ये नोटीस काढून हेच आठवण करून दिलं. त्याच्या जोरावर तुमच्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. परिपत्रक गेलं, कलम जागेवर. तुमच्या हॉलमधला अमुक कार्यक्रम त्या कलमात बसतो की नाही हे त्या त्या कार्यक्रमावर ठरणार. मुलीची हळद आणि रिसेप्शन वेगळं, तिकीट लावलेली न्यू इयर पार्टी वेगळी, तिला लायसन्स लागतंच, रेकॉर्डिंगचं एकीकडे आणि गीतकार-संगीतकाराचं दुसरीकडे. बुकिंगच्या फॉर्मवर कार्यक्रम कसला ते लिहून घ्या आणि नोटीस आली तर वकिलाकडून उत्तर द्या, घाबरून परस्पर पैसे भरू नका आणि फाडूनही टाकू नका.

आरतीचं. "सुखकर्ता दुखहर्ता" रामदासांची म्हणतात, सतराव्या शतकातली, तिच्यावर कुणाचाही हक्क नाही, तुम्ही म्हणा, झांजा वाजवा, रेकॉर्ड करा, ते रेकॉर्डिंग तुमचं. पण मागे स्पीकरवर कुठल्या कंपनीची कॅसेट लावली असेल तर ते रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा आवाज जुळवते, भक्ती नाही. तुमची माणसं स्वतः म्हणत असतील आणि तरी क्लेम आला असेल तर डिस्प्यूट करा, तिथे "रचना सार्वजनिक, गायन आमचं" एवढं लिहा.

आणि जुनी गाणी म्हणजे फुकट असंही नाही, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, म्हणजे १९६० ची रेकॉर्ड २०२० अखेर मोकळी झाली. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणून गीतरामायणाचे शब्द २०३७ पर्यंत आणि चाली २०६२ पर्यंत हक्कातल्या, रेकॉर्ड कितीही घासलेली असो.

प्रश्न : मराठी पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर आहे. सगळंच बेकायदा असतं का? (परभणी)

उत्तर : सगळं नाही, बरंचसं. वरचाच हिशोब, लेखक गेल्याच्या पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांची, बिनधास्त वाटा. मर्ढेकर २०१७ पासून. अत्रे मात्र २०२९ अखेरपर्यंत नाही, पुलं २०६० अखेरपर्यंत नाही, आणि तुमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरतं ते पुलंचंच असणार! अनुवादाचा आणि नव्या प्रस्तावनेचा हक्क वेगळा असतो, तेही बघा. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं नीट टाइप केलेली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने फुकट पुस्तकं देतं. हयात लेखकाचं नवं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणाऱ्याला मात्र मी वाचक म्हणत नाही, आपल्याकडे हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात हो.

प्रश्न : पाचशे रुपयांत विंडोजची ओरिजिनल की (चालू करायचा कोड) मिळते ऑनलाइन. घेऊ का? (अकोला)

उत्तर : नको. एक लायसन्स मशीनबरोबर येतं आणि मशीनबरोबरच मरतं, एक सुटं मिळतं ते दुसऱ्या मशीनवर नेता येतं, आणि एक कंपन्यांना घाऊक देतात. पाचशेवाली की बहुतेक वेळा त्या घाऊकातली नाहीतर कुठल्या तरी भंगारातल्या लॅपटॉपची असते, आज चालते, सहा महिन्यांनी बंद. लॅपटॉपमध्ये आधीच विंडोज असेल तर की घ्यायचीच गरज नसते, हे आधी तपासा. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तुमचं मशीन ११ ला चालणार नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स आणि ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस टाका, दोन्ही फुकट, पत्र आणि हिशोबाला भरपूर झालं.

प्रश्न : तुम्ही सारखं फाईल ठेवा, फाईल ठेवा करता. आता कोण एमपी३ सांभाळतं? महिन्याचे पैसे भरा, सगळी गाणी ऐका. जुन्या काळात अडकलाय तुम्ही. (पुणे, अर्थातच)

उत्तर : अडकलोय. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं, थोडक्या रुपयांत गाणं, साधी एमपी३, कुलूप नाही. सव्वा वर्षात, जून २०१३ ला, बंद पडलं. तिथून घेतलेली मराठी गाणी माझ्याकडे आजही वाजतात. नंतर गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं, विंक २०२४ मध्ये गेलं, तिथल्या लोकांच्या प्लेलिस्ट दुसरीकडे हलवता हलवता निम्मी गाणी करडी होऊन बसली. मी स्ट्रीमिंग वापरतोच, नवीन ऐकायला त्याहून स्वस्त काही नाही, पण जी पन्नास-शंभर गाणी मरेपर्यंत लागणारेत त्यांची फाईल ठेवायला एवढंसं पेन ड्राइव्ह पुरतं. दोन ठेवा, एक बिघडतोच.

प्रश्न : अमेरिकेहून मुलाने आणलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालत नाही. (मिरज)

उत्तर : रिजन कोड. अमेरिका १, भारत ५. सिनेमा कुठे कधी विकायचा ते कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडून ठरवलं होतं त्याची ही शिल्लक. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रिजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, तेव्हा एक जुना ड्राइव्ह अमेरिकेला देऊन टाका आणि टीव्हीखालचा प्लेअर आहे तसा राहू द्या. किंवा पुढच्या खेपेला मुलाला नुसतं यायला सांगा.